नळीवरचं नाणं

सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि मुलाच्या नोकरीमागं चेन्नईला आलो. घर वेस्ट मांबलमला. ०८१०ची लोकल, ०९०० वाजता जॉर्ज टाउनमध्ये ड्यूटी. विट्याकडच्या संपतरावांचं तिथं सोनं गाळायचं दुकान आहे. सिक्युरिटी माझ्याकडं.

उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत भरदिवसा कोयतेवाले शिरले. संपतरावांना जिवाची धास्ती बसली. तिजोरीतून त्यांनी रिव्हॉल्वर काढलं.

"सुभेदारसाहेब, ह्ये बत्तीस बोर म्हंजे खेळणं हाय. पंचेचाळीसचं घिऊया."

"आधी हे उघडा."

उघडेना. दर खंडेनवमीला वाहिलेलं गंध-कुंकू सिलिंडरमध्ये वाळून दगड झालं होतं. सहा वर्षांत गोळी एकही झाडलेली नाही. नाचता येईना अंगण वाकडं! मला हसू आलं आणि लगेच हवालदार घोरपडे आठवले.

घोरपडे पलटणीत आमचे वेपन ट्रेनिंगचे उस्ताद. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर रुपया ठेवायचे आणि ट्रिगर दाबायला लावायचे. रुपया पडला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी मोठ्या बोरचं विचारलं.

"शिंदे, मोठी गोळी हुकली तरी हुकलीच. रुपया ठेव."

पुढं काश्मीर. पहाटे ०५४० वाजता एका घराची झडती. जिना अरुंद, म्हणून उस्तादांनी रायफल पाठीला टाकून पिस्तूल काढलं. ते पुढं, मी मागं. वरच्या दारातून एके-४७ सुरू झाली. अतिरेक्यानं अख्खं मॅगझिन रिकामं केलं, बहुतेक छतात. उस्तादांनी दोनच गोळ्या झाडल्या. दोन्ही छातीत. तो जागीच पडला.

"शिंदे, लागलं काय तुला?"

"नाही, उस्ताद."

"मग ठीक."

ते पायरीवर बसले. एक गोळी त्यांच्या बगलेतून आत गेली होती. मी वायरलेस सेट उचलला.

"टायगर, वन कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वेट. आउट."

०६२५ वाजता उस्ताद गेले. मी रडलो, लपवत नाही. त्यांच्या खिशातला रुपया घरच्यांनी मलाच ठेवायला सांगितला.

हे सगळं मी संपतरावांना सांगितलं आणि तो रुपया त्यांच्यापुढं ठेवला. रिव्हॉल्वर बंदुकीच्या कारागिराकडून साफ करून आणलं. रविवारी रेंज, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी रिकाम्या रिव्हॉल्वरवर रुपया. पहिल्या दिवशी दहापैकी नऊदा पडला. संपतराव घामाघूम, मी कडक. दोन महिन्यांनी रुपया पडायचा थांबला. पंचेचाळीसचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि माणसाची धास्तीही गेली.

यंदा खंडेनवमीला त्यांनी रिव्हॉल्वर तेलाच्या फडक्यानं पुसून पाटावर ठेवलं. त्याला कुंकवाचं बोटही लावलं नाही. हळदकुंकू रुपयाला वाहिलं.

"तुमच्या उस्तादांचं पुरं नाव काय वो?"

"हवालदार दत्तू ज्ञानू घोरपडे."

संपतरावांनी हात जोडून ते नाव मोठ्यानं घेतलं. मी सावधान झालो आणि सॅल्यूट केला.