ओळंबा सरांच्या मागे

सर गेल्यापासून काकूंना स्टेजवर बसायचा कंटाळा आला होता. पहिली शोकसभा तंत्रशाळेने घेतली, दुसरी पाणीपुरवठा खात्याने. मग नागरिक मंडळ, मग माजी विद्यार्थी, आणि मग एक वाचकसंघ, ज्याचा सरांशी काय संबंध होता हे काकूंना आठवून आठवून आठवेना. सगळीकडे तोच फोटो, शेजारी फुलं आणि मधल्या खुर्चीत काकू. ती खुर्ची हटकून खोल आणि मऊ असायची. एकदा आत रुतलं की गुडघे उठू द्यायला तयार नसत.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," असं त्या लेकीला फोनवर म्हणाल्या आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. ही म्हैस जिवंतपणीही भरपूर दूध देत होती. घरच्यांच्या वाट्याला तेवढं कमी यायचं.

सर पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते आणि संध्याकाळी तंत्रशाळेत शिकवायचे. उंच, सडपातळ, मान जराशी खाली घालून उभे राहायचे. शिवाय कुठे काही वाकडं दिसलं की तोंडावर सांगायचे. म्हणून मुलांनी त्यांचं नाव ओळंबा ठेवलं. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला सोडतो तो ओळंबा. सरांना हे नाव माहीत होतं. एकदा ते जेवताना म्हणाले, "वाईट नाही. पंतोजीपेक्षा बरं."

काकू त्याच खात्यात तक्रार खोलीत फोनवर बसायच्या. पाणी आलं नाही, कमी आलं, गढूळ आलं, रस्त्यात फुटलं, मीटर उलटा फिरतो, असं दिवसभर ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि आवाज चढू द्यायचा नाही. लग्न झालं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, चला, घरी तरी सुटका होईल. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. घरी दुसरा फोन आणि तोही पाण्याचाच. सर निवृत्त झाले तरी त्यांचा व्हॉल्व्हवाल्यांचा, नळकाम करणाऱ्यांचा फुकट वर्ग चालूच होता. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची त्यांना हौस आणि तव्यापाशी उभ्या काकू. शेवटची दोन वर्षं सर अर्धांगाने अंथरुणाला खिळले. त्यांना उचलता-बसवता काकूंची कंबर कायमची गेली. या दोन वर्षांबद्दल कुठल्याही सभेत कुणी बोललं नाही, आणि काकूंनाही त्याबद्दल ऐकायचं नव्हतं.

अशात तंत्रशाळेचे निवृत्त प्राचार्य घरी आले. नदीकाठच्या नव्या जलशुद्धीकरण केंद्राला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. त्यांनी निमंत्रणाचं कार्ड पुढे केलं.

"वहिनी, हा शेवटचा कार्यक्रम. पण हा मोठा आहे. तुम्ही दोन शब्द बोलायचे."

काकूंनी चष्मा लावला. "माजी मुख्य अभियंता छापलंय."

"हो का? बघू." प्राचार्यांनी कार्ड लांब धरलं. "अरेच्चा. पण आता छापून झालंय. आणि व्हायला हवे होते ना ते."

"व्हायला हवे होते, पण झाले नाहीत. उपअभियंता म्हणूनच निवृत्त झाले. का ते तुम्हाला माहीत आहे."

प्राचार्य म्हणाले, "वहिनी, चांगल्या दिवशी ते कशाला?"

काकूंनी वाद घातला नाही. वाद घालायला दम लागतो. "येते," म्हणाल्या, आणि ते गेल्यावर पंख्याखाली आडव्या झाल्या.

कार्यक्रमासाठी लेक आदल्या दिवशीच आली. तिने आईचे कपडे काढून ठेवले, औषधं पर्समध्ये घातली. म्हणाली, "आई, नुसतं 'सगळ्यांची आभारी आहे' म्हण आणि बस. दमू नकोस." काकूंनाही तेच करायचं होतं.

केंद्राच्या फाटकापाशी रिक्षातून उतरताना एक म्हातारा पुढे आला आणि त्याने काकूंना हाताचा आधार दिला. तो खात्यातला निवृत्त फोरमन होता. प्रत्येक सभेला तो यायचा, मागच्या रांगेत बसायचा आणि चहा न घेता निघून जायचा.

"काकू," तो हळूच म्हणाला, "आज बोलणार आहात असं कळलं."

"दोनच शब्द."

"मग खरं काय ते सांगा. पाच सभा ऐकल्या मी. सर असे होते, सर तसे होते. वर्ग का काढला ते एकानेही सांगितलं नाही."

काकू थांबल्या. "तुमचं नाव निघेल त्यात."

"नाव नका घेऊ. घेतलंत तरी चालेल. माझं आता काय राहिलंय?" असं म्हणून तो आत गेला आणि मागे जाऊन बसला.

भाषणं झाली. नगराध्यक्ष म्हणाले, सरांनी पुराच्या वर्षी शहराला वाचवलं आणि त्या वेळी सारं शहर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. काकू त्यांच्या टकलाकडे बघत राहिल्या. त्या वर्षी रिकाम्या बादल्या वाजवत जो मोर्चा घरावर आला होता, त्याच्या अगदी पुढे हेच होते. तेव्हा डोक्यावर दाट केस होते. बाल्कनीची काच फुटली तेव्हा लेक आत पलंगाखाली जाऊन बसली होती.

काकूंच्या पुढे माईक आणला. लेकीने पहिल्या रांगेतून मान हलवली, म्हणजे थोडक्यात आटप. काकूंना उठायचंच होतं, पण खुर्चीने सोडलं नाही.

"मी बसूनच बोलते," त्या म्हणाल्या. "कंबर साथ देत नाही. ह्यांनी फुकट वर्ग चालवला असं सगळ्यांनी सांगितलं. तो का काढला तेवढं सांगते.

"पुराच्या वर्षी जुन्या केंद्रात नदीचं पाणी थेट लाइनीत शिरेल अशी एक वाट होती. ती बंद करायला ह्यांनी एका माणसाला पाठवलं. नवा होता, नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. व्हॉल्व्ह जुना, उलट्या आट्यांचा. बाकीचे ज्या बाजूला फिरवले की बंद होतात, त्या बाजूला हा उघडायचा. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने सगळा जोर लावून, घट्ट बंद समजून, तो पूर्ण उघडला."

काकूंनी माईक जरा जवळ ओढला.

"खालच्या वस्तीत गढूळ पाणी गेलं. पहिला फोन मीच घेतला. एक बाई म्हणाली, पाण्याला वास येतोय, पोरांना देऊ का? मी म्हटलं, देऊ नका. पण तिने विचारलं तसं सगळ्यांनी नाही विचारलं. खूप माणसं आजारी पडली. दोन मुलं गेली.

"मग ह्यांनी सगळ्या शहराचं पाणी तोडलं. लाइनी धुऊन होईपर्यंत थेंब सोडला नाही. लोक चिडले, घरावर मोर्चा आला. मोर्च्यात आलेल्यांवर माझा राग नाही. घरात पाणी नसलं की माणूस कुणाच्या तरी दारात जाणारच. चौकशी लागली तेव्हा वरचे म्हणाले, व्हॉल्व्हवाल्याला काढून टाका म्हणजे विषय संपेल. हे म्हणाले, त्याला शिकवलं नाही तो दोष माझा. तसा जबाब दिला आणि सही केली. बढती कायमची थांबली. म्हणून कार्डावर मुख्य अभियंता छापलंय ते चूक आहे. छापणाऱ्यांचा हेतू चांगला होता."

लेकीने उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. एक घोट घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "नंतर दोन महिने हे रात्री जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मग एक दिवस म्हणाले, मी वर्ग काढतो. पहिल्या दिवशी एकच विद्यार्थी होता. तो कोण, ते समजून घ्या. हे आजारी पडल्यापासून वर्ग बंद आहे. नाव दिलंत, बरं झालं. वर्ग चालू करता आला तर बघा. झालं माझं."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. वाजल्या तेव्हाही जरा जपून वाजल्या. काकूंनी मागे पाहिलं. फोरमन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता. शेजारचा कुणीतरी त्याच्याशी बोलत होता आणि तो होकारार्थी मान हलवत होता.

नगराध्यक्षांनी तिथल्या तिथे वर्ग सुरू करायची घोषणा केली. त्याला मात्र टाळ्या दणदणीत पडल्या. चहाच्या वेळी ते काकूंजवळ आले. "काकू, तेव्हा मी लहान होतो हो."

"लहान कसले? चांगली मिशी होती तुम्हाला."

ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "काच माझ्या हातून फुटली नव्हती."

"नसेल. आम्ही ती बसवून घेतली होती," काकू म्हणाल्या. त्यांना खरंच घरी जाऊन पडायचं होतं.

रिक्षात लेक म्हणाली, "बाबा मला कधी गणित शिकवायला बसले नाहीत. मला वाटायचं, त्यांना बाहेरच्यांचीच जास्त माया."

"मलाही वाटायचं," काकू म्हणाल्या.

"मग तू भांडली का नाहीस?"

"भांडले की. तू झोपलेली असायचीस." मग त्या म्हणाल्या, "तू त्या गेलेल्या दोन मुलांएवढीच होतीस तेव्हा. तुझ्याकडे बघितलं की त्यांना ती आठवायची. असं एकदाच म्हणाले, नंतर कधी नाही. तुला तेव्हा कसं सांगणार?"

लेकीने आईचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती आपल्या गावी परत गेली.

घोषणा झाली खरी, पण वर्गाचं कुणी नाव काढेना. खोली नाही, शिकवणारा नाही, साहेब रजेवर आहेत. फोरमनने खात्यात इतके हेलपाटे घातले की त्याच्या नाकी नऊ आले. तो काकूंकडे आला आणि उंबऱ्याशीच उभा राहून म्हणाला, "मीच शिकवतो म्हटलं तर चालेल का? मला बोलता येत नाही. पण सरांनी जसं हातात देऊन दाखवलं, तसं दाखवता येईल."

"मला काय विचारता? चालेलच."

"खोलीचं अडलंय."

काकूंनी फोन उचलला. तक्रार कशी लावून धरायची ते त्यांना आयुष्यभराच्या नोकरीने शिकवलं होतं. आवाज न चढवता त्या रोज सकाळी नगराध्यक्षांच्या कचेरीत फोन करत राहिल्या आणि पलीकडची मुलगी रोज "नोंद घेतली" म्हणत राहिली. शेवटी तीच मुलगी कंटाळली असावी. नव्या केंद्रात भांडाराच्या मागची खोली मिळाली.

पहिल्या वर्गाला काकू गेल्या. जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण फोरमन रिक्षा घेऊन दारात आला होता. खोलीत ऑइलचा वास होता, भिंतीला लावलेले पाईप होते आणि लोखंडी खुर्च्या. स्टेज नव्हतं. कुणी त्यांना पुढे बसायला सांगितलं नाही, म्हणून त्या मागे भिंतीला पाठ टेकून बसल्या. खात्यातली नवी माणसं आली होती, दोन बायकाही होत्या.

फोरमनला खरोखरच बोलता येत नव्हतं. तो पुटपुटायचा, अर्ध्या वाक्यात थांबायचा, आणि मग व्हॉल्व्ह एकेकाच्या हातात द्यायचा. "फिरवा. नाही, डोळे मिटून फिरवा. कुठे अडतं ते हाताला कळू द्या." लोखंड कुरकुरायचं, कुणीतरी चुकायचं, बाकीचे हसायचे. काकू ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची मान छातीवर आली.

"काकू, झालं," फोरमन खुर्चीपाशी वाकून म्हणाला, तेव्हा खोली रिकामी झाली होती.

काकू ओशाळल्या. "डोळा लागला माझा."

"लागू द्या. आमच्यातलेही दोघं झोपले होते."

"पुढच्या वेळी येतील ना सगळे?"

"थोडे गळतील." तो व्हॉल्व्ह फडक्याने पुसून कपाटात ठेवत होता. "सरांच्याही वर्गाला गळायचे. मग परत यायचे."

काकूंनी हात पुढे केला, त्याने धरून उठवलं. लोखंडी खुर्चीतून उठायला मुळीच त्रास झाला नाही. बाहेर रिक्षावाला वाट पाहून पेंगला होता. त्याला हाका मारून उठवावं लागलं.