इंदूताईंची फणी

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून एका परक्या बाईची वेणी घालत होत्या. बाई पेठ तालुक्याकडची होती. तिचा नवरा आत होता आणि आल्यापासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. इंदूताई टोकापासून वर वर जात, घाई न करता गुंता सोडवत होत्या. अर्धी वेणी झाली आणि बाई आपणहून बोलायला लागली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मला दिसली ती फक्त इंदूताईंच्या पदरावर टाचलेली रुग्णालयाची पट्टी. 'आध्यात्मिक आधार.' माझं डोकंच फिरलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझे वडील, अण्णा, बुवाबाजीवर, हुंड्यावर, गोदावरीत टाकलेल्या निर्माल्यावर पत्रकं काढायचे. मी शाळेच्या गणवेशात रविवार कारंजाच्या चौकात ती मोठ्याने म्हणत वाटायचे. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या कोनाड्यात छापील कागदांचे गठ्ठे होते. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, आणि आता अण्णा त्या काचेच्या दाराआड होते. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं भरलेली, घशात नळी, श्वास यंत्राचा.

मी सरळ बाकापाशी गेले. "माणसं घाबरलेली असतात तेव्हाच देव खपतो, नाही का?"

इंदूताईंनी फणीत अडकलेले केस काढले, त्यांची गुंडाळी करून पिशवीत टाकली. "देव नाही गं माझ्याकडे. फणी आहे, खोबरेल तेल आहे." मग माझ्या बारीक कापलेल्या डोक्याकडे पाहून म्हणाल्या, "पण तू मला कामच ठेवलेलं नाहीस."

"मग ही पट्टी कशाला?"

"ती त्यांनी लावली. मला विचारलं असतं, तर 'बाकावरची बाई' लिहा म्हटलं असतं."

त्या दिंडोरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. काही वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अशाच एका दाराआड होते. तेव्हा शेजारच्या पेशंटच्या आईने काही न विचारता त्यांची वेणी घालून दिली होती. यजमान गेले. "ते गेले तेव्हा निदान माझे केस विंचरलेले होते," असं त्या सांगत, जणू त्यात सगळं आलं. कुणी दुआ मागत असलं की त्या शेजारी गप्प बसत. कुणी पोथी वाचत असलं की त्याचा चष्मा पुसून देत. स्वतः काय मानत, ते मला आजवर कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या कधीच करत नसत. "होतील ना हो बरे?" असं कुणी हात धरून विचारलं, तर त्या म्हणायच्या, "ते वाक्य माझ्याकडे मिळत नाही. आतलं डॉक्टर बघतील. आपण बाहेरचं बघू." सुरुवातीला मला हा निर्दयपणा वाटला. पण त्या व्हरांड्यात सगळेच येताजाता 'होतील बरे' टाकून जात होते, अण्णांचे जुने मित्रसुद्धा. ते ऐकलं की मी दाराकडे वळायचे. दार उघडलं की आम्ही सगळे उठून उभे राहायचो. आतून कुणाचं तरी नाव पुकारायचे आणि बाकीचे पुन्हा बसायचे. आपलं नाव नव्हतं याचं बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज.

मग सायखेड्याहून आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. आल्या आल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, की शरीर औषधांना साथ देत नाहीये. भेटीच्या वेळी आत्याला आधी सोडलं. मी काचेतून पाहत होते. ती पलंगापाशी वाकली, पदराखालून एक बाटली काढली आणि नळीच्या कडेने अण्णांच्या ओठांत ओलं बोट घालायला लागली.

मी आत धावले. सिस्टर माझ्या आधी पोचली. तिने आत्याचं मनगट धरलं. "आजी, पाणी छातीत उतरेल! जीव जाईल त्यांचा!"

"गंगेचं पाणी हाय," आत्या म्हणाली. गोदावरी तिच्यासाठी गंगाच. "आमच्या घाटावरचं. त्यानं कुणाचा जीव जात नाय."

आम्हाला बाहेर काढलं आणि आमची भेट बंद झाली. व्हरांड्यात मी आत्यावर तुटून पडले. "अण्णांनी जन्मभर याच्याविरुद्ध लिहिलं. त्यांना शुद्ध नाही म्हणून तू हे करणार?"

"तू गप बस. तुझा बाप व्हायच्या आधी तो माझा भाऊ हाय! आमची माय गेली तवा तिच्या तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं. आता त्याचंबी तसंच व्हायचं का?"

मी इंदूताईंकडे पाहिलं. वाटलं, आता ही बाई आत्याची बाजू घेणार. त्या उठल्या आणि आत्यासमोर उभ्या राहिल्या. "आक्का, सिस्टर खरं बोलली. नळी आहे तोवर थेंबही नाही. बाटली बाहेरच राहील." मग तिच्याकडून बाटली घेऊन माझ्या हातात दिली. "धर. तुझ्यावर विश्वास आहे. तू काही ती आत नेणार नाहीस."

त्यांनी आत्याला बाकावर बसवलं आणि तिचा अंबाडा सोडला. फणी फिरायला लागल्यावर विचारलं, "लहानपणी काय म्हणायचात भावाला?"

"दगडू. त्याच्या आधीची दोन गेली ना. याला तरी नजर लागू नये म्हणून."

"ते नाव अण्णांनी कोर्टात जाऊन बदललंय," मी म्हणाले. "अंधश्रद्धेचं नाव म्हणून."

"बदललं असेल," इंदूताई म्हणाल्या. "पण घाटावर पोहायला कुणी शिकवलं, ते नाही ना बदललं?"

फणीने केस ओढले जात असतानाच आत्या हसली. "मीच! टाळक्यात हाणून शिकवलं. लय भित्रं पोरगं!"

इंदूताईंनी सिस्टरची समजूत काढली आणि दुसऱ्या दिवशी आत्याला पुन्हा आत सोडलं. या वेळी हात मोकळे होते. ती वाकून "दगडू, ए दगड्या" म्हणत त्यांच्या तळपायावरून हात फिरवत राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "पापणी हलली." मी इंदूताईंना विचारलं, "हलली असेल?" त्या म्हणाल्या, "मी आत नव्हते. मला कसं सांगता येईल?" मला रडू आलं. त्या व्हरांड्यात माझ्याशी खोटं न बोलणारं एक तरी माणूस होतं.

त्यानंतरच्या सकाळी आत्याने निर्जळी उपास धरला. दगडूने डोळे उघडेपर्यंत घोटभरही पाणी घेणार नाही म्हणाली. मी भांडले, उपयोग झाला नाही. बाहेर ऊन चढत होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. दुपारी दार उघडलं आणि आमचं नाव पुकारलं.

अण्णा गेले. नळी काढली होती. चेहरा मोकळा झाला होता. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आत्या, दारात इंदूताई. बाटली माझ्याच हातात होती. आत्याने ती मागितली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. आता पाणी छातीत उतरायची भीती नव्हती. आता आड येत होता फक्त अण्णांचा शब्द, आणि तो राखणारी मी एकटीच होते.

मी इंदूताईंना म्हटलं, "सांगा ना तुम्ही काहीतरी."

"मी नाही सांगणार. तुमचं माणूस आहे." मग हळूच म्हणाल्या, "पण परवापासून तू आत्याला नुसतं 'नाही' म्हणते आहेस. अण्णांनी काय लिहिलंय, ते तिला कधी सांगितलंस?"

आत्याला वाचता येत नाही. भावाच्या एकाही पत्रकातला एक शब्द तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता. आमच्या घरात कुणाला ते सुचलंच नव्हतं. या पाण्यावरचं त्यांचं पत्रक मला पाठ होतं. मी म्हणायला लागले. रविवार कारंजावर म्हणायचे तशी मोठ्याने नाही, आत्यापुरती. "मेलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. त्याची तहान संपली. आसपास पाहा, जिवंतांपैकी कुणाचा घसा कोरडा आहे? ते पाणी त्याला पाजा."

आत्या ऐकत राहिली. "दगडूनं लिहिलं हे?"

"हो."

"मोठा शहाणा," ती म्हणाली.

मी बाटलीचं झाकण काढलं, पलंगाला वळसा घालून गेले आणि बाटली तिच्या ओठांना लावली. ती गटागटा प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळलं, पदर भिजला. पाणी उकळलेलं नव्हतं. अण्णा त्यावरूनही भांडले असते.

कागदपत्रं होईपर्यंत आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. आत्या बाकाच्या टोकाला भिंतीला टेकली. त्या पट्टीवरच्या शब्दांना माझा आजही विरोध आहे आणि इंदूताईंना तो माहीत आहे. त्या बाकावर येऊन बसल्या, पिशवीतून तेलाची बाटली काढली, थोडं तेल तळहातावर घेतलं आणि थांबल्या. मला बोलावलं नाही.

मी उठले आणि त्यांच्या पायाशी, पाठ करून, जमिनीवर बसले.