सायमन मास्तरांची छडी

सायमन मास्तर वरातीपुढे उलटे चालत. तोंड आमच्या बँडकडे, पाठ रस्त्याकडे. मागे म्हैस असो की खड्डा, पठ्ठ्या कधी अडखळला नाही. पारनेरात लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "वाजवनाऱ्याचे गाल दिसले पायजेत. रस्ता काय, पायाला कळतोय."

लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन आलेला हा माणूस. आम्ही अकराजण कुणी शिंपी, कुणी सुतार. मी शाळेत गुरुजी आणि लग्नसराईत क्लॅरिनेटवाला. त्यांचा कायदा एकच: छडी खाली आल्याशिवाय फुंक मारायची नाही, आणि आली की क्षणभरही थांबायचं नाही. एकदा ढोलवाल्याला उशीर झाला, तर भर मांडवात गरजले, "तू बँडात हाईस का बाजारात?"

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास त्यांचे कान गेले. मागून एस.टी. हॉर्न वाजवत आली तरी ते हलले नाहीत, तेव्हा मला कळलं. मी कुणाला बोललो नाही. बँडखेरीज त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि बहिऱ्या मास्तरला सुपारी कोण देणार?

मग दोन वर्षांनी खर्ड्याकडचं ते लग्न आलं. आम्ही मांडवाच्या दाराशी उभे. गर्दीमुळे अंतरपाट दिसत नव्हता, दिसत होते फक्त अक्षता टाकणारे हात. मंगलाष्टका पाच, असं भटजींनी आधीच सांगितलं होतं. मास्तर मान वळवून हात मोजत होते. पाचव्यांदा अक्षता उडाल्या आणि त्यांनी छडी उचलली.

तेवढ्यात नवरीच्या आत्याने स्वतः रचलेली सहावी मंगलाष्टका सुरू केली!

अंतरपाट धरलेला असताना बँड वाजला तर अपशकुन. वरपक्ष आधीच मानपानावरून धुमसत होता. मुलीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मी डोळे वटारले, मान हलवली. मास्तरांचं लक्ष नव्हतं. छडी खाली आली.

कुणीच वाजवलं नाही. ढोलवालासुद्धा टिपरू वर धरून उभा.

मास्तरांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, एकेकाच्या. आश्चर्य कुणाच्याच तोंडावर नव्हतं. मला वाटलं होतं, गुपित माझ्या एकट्याचं आहे. ते अकराजणांचं होतं, आणि तेवढ्यात मास्तरांनाही ते कळलं. त्यांनी छडी पुन्हा वर धरली. अक्षता पुन्हा उडाल्या, अंतरपाट खाली आला. ढोलवाल्याने मान डोलावली तेव्हा मास्तरांनी छडी हलवली. बँड झकास वाजला.

जेवायला ते बसले नाहीत. मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, कवापासनं ठावं हाय?"

मी त्यांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली.

"दोन म्हयनं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"दोन वर्सं," ते पुटपुटले. "आन् सगळ्यांना."

त्यांनी बँडच्या कोटाची बटणं सोडली, कोट नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि नगरची गाडी धरली. पुन्हा ते आले नाहीत.

आम्ही त्या मुलीचं लग्न राखलं, लोकांपुढे मास्तरांची अब्रूही राखली. पण अकरांपैकी एकाने जरी छडीसरशी वाजवून त्यांच्याबरोबर चूक केली असती, तर मास्तर आमच्यातून गेले नसते, असं मला अजून वाटतं.