सुनेच्या कॉम्प्युटरची वायर मी उपसली

बायांनो, आज माझी मान खाली गेली.

सुनेनं जुना कॉम्प्युटर घरातल्या टीव्हीला जोडला आन् आमचे समदे फोटो, व्हिडिओ त्यात भरले. मला वाटलं, ही घरातलं जगाला दाखवती. शेजारणींसमोर मी वायर उपसली. म्हणलं, "लाज हाय का तुला?"

ती म्हणाली, "आत्या, ह्याला इंटरनेटच न्हाई. ह्यातलं घराबाहेर जात न्हाई. खुरपून येऊन मी घोरत पडले, तो व्हिडिओ ग्रुपवर तुम्हीच टाकला. शिरूरच्या बाजारात बाया मला बघून मुद्दाम घोरल्या. म्हणून तर घरातलं घरातच बघाय हे केलं."

शेजारणींनीबी तो व्हिडिओ बघितलेला.

वायर परत लावाय गेले, तर मला भोकच घावंना. तिनंच लावली.

व्हिडिओ ह्याच ग्रुपवर हाय. आपापल्या फोनातनं पुसून टाका. आन् कुणी कुणी पुढं धाडलाय, खरं सांगा.