निरगुडे सर आणि हर्षालीचं रीडिंग

वाल्मीक निरगुडे सरांबरोबर मी पंचवटीजवळच्या आमच्या कॉलेजात अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स सर स्वतःहून मागून घेत. बाकी कुणाला ती नकोच असायची. साठ मुलं, त्यातल्या निम्म्यांनी बारावीला एकमेकांची जर्नल्स उतरवलेली, ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मापाची काचनळी, कधी हातात धरलेली नाही.

पहिले दोन आठवडे सर प्रयोगच करू देत नसत. काच धुवायची कशी, बाटलीतून ओतताना लेबल तळहाताकडे का ठेवायचं, हेच चाले. मग वही. वहीत पेन्सिल नाही, खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करायची. आलं ते लिहा, यायला हवं होतं ते लिहू नका, असं ते इतक्यांदा सांगत की मुलं त्यांची नक्कल करत.

हर्षाली भोये सुरगाण्याकडच्या पाड्यावरची. तिची आई नवसाबाई भात निघालं की दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला यायची. हर्षाली वसतिगृहात राहायची आणि पहिले दोन-तीन महिने वर्गात कुणाशी बोललीच नाही. एका प्रॅक्टिकलला तिची तीन रीडिंग काही केल्या एकमेकांशी जुळेनात. शेजारच्या मुलींनी पहिलाच आकडा तिन्ही वेळा लिहून वह्या दिल्या. हिनं सहा वेळा केलं आणि मग सरांपुढे जाऊन हळूच म्हणाली, ‘सर, ब्युरेटच गळतीये.’ खरंच तोटी गळत होती. दुसऱ्या दिवशी सरांनी ते सगळ्या वर्गाला सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती, पण तेव्हापासून बोलायला लागली.

बीएस्सी झाल्यावर एका औषध कंपनीनं तिला तपासणीच्या प्रयोगशाळेत घेतलं. मुलाखती घ्यायला येणारा अधिकारी, महेश, हा निरगुडे सरांचाच जुना विद्यार्थी. दरवर्षी आमची दहा-बारा मुलं तो नेई. मुलाखतीची तयारी सरांनी करून घेतली होती. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, एवढंच तिला पुन्हापुन्हा बजावलं होतं.

पाचव्या महिन्यात गोळ्यांच्या एका बॅचमध्ये औषधाचं प्रमाण कमी आलं. तिनं दोनदा तपासलं, दोन्ही वेळा कमीच. माल जायचा होता. वरच्या माणसानं तिला मर्यादेत बसेल असा आकडा लिहायला सांगितला. तिनं आला तोच लिहिला आणि सही केली. चार दिवसांनी कामाचा वेग कमी आहे असं सांगून तिला काढून टाकलं.

ती थेट प्रयोगशाळेत आली. मी तिथेच जर्नल्स तपासत होते. तिनं फक्त एक मागितलं, सरांनी महेश सरांशी बोलावं. सर म्हणाले, बघतो.

आठ दिवस ती वाट बघत होती. सरांनी फोन हातात घेऊन खाली ठेवलेला मी दोन-तीनदा पाहिला. महिनाभरात महेश पुन्हा मुलाखतींना येणार होता, आणि त्या यादीतली बहुतेक मुलं घरातली पहिलीच शिकलेली. शेवटी सरांनी तिला सांगितलं, ते सोडून दे, दुसरीकडे अर्ज कर. दुसरीकडे विचारत, पहिली नोकरी का गेली. खरं सांगितलं की पुढचं बोलणं संपे.

कागदपत्रं न्यायला ती शेवटची आली तेव्हा म्हणाली, ‘सर, तुम्ही शिकवलं तसंच केलं मी. त्याच्यापुढे काय करायचं ते तुम्ही शिकवलं नव्हतं.’ रागानं नाही. वर्गात शंका विचारावी तसं.

पुढच्या जूनमध्ये नवा अभ्यासक्रम आला. सर आपणहून शिकवत होते ते आता रीतसर कौशल्याचा विषय झालं, छापील पुस्तिका आली, तास अर्थातच सरांना मिळाला. व्यवसायातल्या प्रामाणिकपणाचा धडा आला तसे ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मॅडम, हा तेवढा तुम्ही घ्या.’ मी घेतला. का, ते विचारलं नाही.

फेब्रुवारीत एक दिवस रजा टाकून ते दिंडोरीला गेले. हर्षाली द्राक्षांच्या एका पॅकिंग शेडमध्ये घड निवडत होती. नवसाबाईचे गुडघे गेले होते, तिच्या जागी ही आली होती, आणि तो तिचा दुसरा हंगाम होता. तिनं सरांना क्रेट पालथा घालून बसायला दिला, पाणी आणलं, सरांच्या घरच्या बाईंची तब्येत विचारली.

सर म्हणाले, ‘हर्षाली, मी महेशला फोन केलाच नव्हता. घाबरलो मी.’

ती म्हणाली, ‘मला माहीत होतं, सर.’

मग क्रेट भरलेला ट्रॅक्टर आला आणि तिला उठावं लागलं. सर अर्धा तास थांबले. ती कामातून परत मोकळी झाली नाही.

बस स्टँडवरून त्यांनी महेशला फोन लावला. त्यानं अदबीनं सगळं ऐकून घेतलं आणि आता काही करता येणार नाही म्हणाला. त्या वर्षी कंपनी आमच्याकडे मुलाखतींना आली नाही. प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं तेव्हा सरांनी घडलं तेवढं सांगितलं. मुलं हळहळली, काही जण सरांशी बोलेनासे झाले. मे महिन्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटला.

हर्षालीला प्रयोगशाळेतलं काम पुन्हा मिळालं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. पत्रिका मला आली, सरांनाही आली. मी बरोबर जाऊ म्हणून त्यांना फोन केला. ते म्हणाले, तिनं बोलावलं हेच खूप झालं, मी तिथं कोणत्या तोंडानं जेवायला बसू?

मी एकटीच गेले. हळदीच्या कपाळानं ती मंडपात येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होती. सर आले नाहीत का, एवढंच तिनं मला विचारलं.