आत्याने दाखवलेला माणूस

काशीदजवळच्या आमच्या वाडीत किनाऱ्यावर बायका मासळी वाळवायच्या. त्या जागेवर कंपनीला बंगले हवे होते. वाडीतल्या बायकांच्या वतीने सगळ्यांत वडीलधारी बाई अंगठा देते, ही आमची रीत. कंपनीच्या माणसाने ती बरोबर हेरली. नळ देतो म्हणून त्याने माझ्या आत्याचा अंगठा घेतला आणि कागद निघाला जागा सोडल्याचा. सरळसरळ फसवणूक!

प्रांतांच्या सुनावणीला मी पंच्याहत्तरीच्या आत्याला साक्षीदार म्हणून उभं केलं. कंपनीची तीन माणसं समोरच होती. साहेबांनी विचारलं, "यातला कोण?" आत्या एकेकाचा चेहरा न्याहाळत पुढे गेली आणि तिने दाराशी उभ्या असलेल्या शिपायाचा दंड धरला. "ह्योच!"

"मावशे, मी ईस वर्सं तुझ्याकडनं बोंबील घेतोय गं!" शिपाई म्हणाला. सगळी कचेरी हसली.

बाहेर ती मला म्हणाली, "तोंड वळखीचं व्हतं रं. कुठलं, ता न्हाय आठावलं."

तिला काय बोलणार? कंपनीचा तो माणूस अंगठा घ्यायला आमच्या ओटीवर बसला होता तेव्हा मीही त्याला पाहिलं होतं. पण पन्नाशीतली माणसं मला सगळी सारखीच दिसतात. त्या तिघांतला कोण, मला आजही सांगता येणार नाही. आणि मी तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांवर अख्ख्या वाडीची लढाई टाकली.

निकाल विरोधात गेला. बायका आता डांबरी रस्त्याच्या कडेला बोंबील वाळवतात. आत्या बाजारात बसते, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही.