तीन नंबरच्या खिडकीतली पाठमोरी

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने माझ्याकडे पाठ केली.

टेलिफोन कंपनीच्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर 'नवीन ग्राहक' अशी पाटी होती. नवा नंबर घेतला की कंपनी प्रत्येकाला एक ऑनलाइन खातं देते. बिलं त्यात येतात, फोनमधले फोटो आणि रेकॉर्डिंगही त्यात साठवता येतात. हे खातं उघडून द्यायचं काम पन्नाशीच्या एका बाईकडे होतं. चष्मा कपाळावर, पेन कानावर. तिने माझं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं, फोटोशी माझा चेहरा ताडला आणि एक चिकटवलेलं पाकीट माझ्या हातात दिलं.

"यात पहिला पासवर्ड आहे. तो टाका, मग लगेच स्वतःचा बनवा."

कीबोर्ड माझ्याकडे सरकवून ती खुर्चीसकट भिंतीकडे वळली. चाळीस वर्षं मी वर्गात उभी राहिले, पण माझ्याकडे पाठ करून बसायची कोणाची छाती झाली नव्हती. मला वाटलं, आपलं काही तरी चुकलं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"मला सांगू नका. मला सांगितलंत की ते तुमचं एकटीचं राहिलं नाही."

"पण बरोबर लिहिलंय की नाही ते कोण बघणार?"

"यात बरोबर-चूक नसतं हो. तुमच्या लक्षात राहिलं म्हणजे झालं."

हे पचवायला मला जरा जड गेलं. पाकिटाचे तुकडे तिने मलाच करायला लावले, आणि मी टोपलीकडे हात नेताच म्हणाली, "इथे नको, घरी नेऊन टाका." कार्यालयातले लोक तिला पाठमोरी म्हणत, हे मला नंतर कळलं. तिलाही ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती.

तेवढ्यात तिचा डबा घेऊन नवरा आला. मला बघून त्याने डबा खिडकीवर ठेवला आणि सरळ उभा राहिला.

"बाई, ओळखलंत?"

आवाजावरून ओळखलं. चेहऱ्याने दगा दिला असता, पण तो आवाज तोच होता. चौथीत असल्यापासून आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. तो कविता म्हणू लागला की शेजारचा वर्ग बंद पडायचा. आता तो बसस्थानकावर घोषणा करत होता. कोणती गाडी, कोणता फलाट, किती मिनिटं उशीर.

"ही तुमच्याकडेही पाठ करून बसली का?" तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. माझं खातं उघडलं तेव्हा माझ्याकडेही केली होती. घरी तोंड फिरवते ते फुकट, इथे त्याचा पगार मिळतो."

"डबा ठेवा आणि निघा. लाइन लागलीय," ती म्हणाली, पण हसत होती.

जाता जाता तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "बाई, तुम्हाला मी एका ठिकाणी लिहून ठेवलंय. जपून. हिलासुद्धा माहीत नाही कुठे."

मला ती गंमत वाटली.

त्यानंतर अडीच वर्षांनी एका दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. बसस्थानकाच्या जिन्यावर तिच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला होता. फोन हातातून पडून फुटला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. शंभर गावांची नावं न अडखळता घेणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला होता.

"फलाट," ती म्हणाली. "भूक लागली तरी फलाट, पाय दुखला तरी फलाट. बाकी जे विचाराल त्याला मान हलवतात. हो म्हणून."

त्याला बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी सांगितलं होतं की त्याचं स्वतःचं जुनं बोलणं रोज ऐकवता आलं तर कदाचित उपयोग होईल, आणि जे काय करायचं ते पहिल्या काही महिन्यांत. तो रोज संध्याकाळी फोनवर घोषणांचा सराव रेकॉर्ड करत असे. ते सगळं खात्यात साठवलेलं होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"माझ्याकडे त्यांचा आवाज नाही, बाई. रोज घरातच होता. कोण जपून ठेवतं?"

"अगं, पण तू तर तिथेच काम करतेस."

"मी नवीन ग्राहकांचं खातं उघडते. एकदा त्यांनी पासवर्ड बदलला की मी आणि रस्त्यावरचा माणूस सारखेच. ह्यांना मी नवीन ग्राहक म्हणून परत घेऊ शकते. पण मग जुनं सगळं पुसलं जातं."

पासवर्ड विसरला तर नंबरावर कोड मागवायची सोय असते. तीही त्याने बंद करून टाकली होती, कारण कोड चोरणारे फार झालेत हे तीच रोज जेवताना सांगायची. त्याऐवजी त्याने एक प्रश्न निवडला होता: तुमच्या आवडत्या शिक्षकांचं नाव काय? चुकायची मुभा तीन वेळा. एकदा तिने माझं आडनाव लिहून पाहिलं होतं.

"आता दोन उरल्यात," ती म्हणाली. "मुलं तुम्हाला मागे काय म्हणायची, बाई?"

हे मला ठाऊक असणार, असं तिने धरलं होतं, आणि खरंच मला ठाऊक होतं. "वेलांटी," मी म्हणाले. कोणाचीही वही उघडली की मी विचारायचे, वेलांटी कुठली, पहिली की दुसरी? त्यावरून ते पडलं होतं.

मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीजवळ पलंग. तो उशीला टेकून बसला होता. मला बघून त्याचा डावा हात उचलला गेला.

"फलाट," तो म्हणाला. आवाज तसाच होता, खणखणीत.

तिने संगणक माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच लिहा. त्यांनी तुमच्यावर ठेवलंय ते." आणि खुर्ची फिरवून ती कपाटाकडे तोंड करून बसली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या खात्यासाठी.

शब्द माहीत होता. पण उत्तरातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्या खात्याला चालत नव्हतं, आणि भोंग्याचं शुद्धलेखन मला माहीत होतं. शेवटची वेलांटी तो कायम ऱ्हस्व काढायचा. शंभर वेळा लिहायला लावून पाहिलं, शंभर वेळा ऱ्हस्व लिहून आणलं होतं.

"अरे, कशी लिहिलीस? पहिली?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. हो.

"की दुसरी?"

हो.

आयुष्यभर मी मुलांच्या चुका शोधल्या. आज पहिल्यांदाच मला एक चूक तशीच्या तशी करायची होती. मी 'वेलांटि' लिहिलं. उत्तर चुकीचं आहे, असं पडद्यावर आलं; मी ते मोठ्याने वाचलं.

"एकच राहिली," कपाटाकडून आवाज आला.

मग मला वाटलं, तो मोठा झालाय, नोकरीत सूचना लिहितो, सुधारला असेल. निदान माझं नाव लिहिताना तरी त्याने विचार केला असेल. मी दीर्घ लिहिलं आणि बटण दाबलं.

खातं बंद झालं. आता मुख्य कार्यालयातून फोन येणार, आणि खातेदाराने स्वतः बोलून ओळख पटवायची, असा नियम होता; दुसरी वाट नव्हती. तासाभरात फोन आला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, फार गोड बोलत होती. पाठमोरीने फोन स्पीकरवर ठेवून तिला सगळं समजावून सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी समजू शकते, मॅडम. पण खातेदारांनाच बोलावं लागेल. त्यांना फोन देता का?"

तिने फोन त्याच्या कानाला लावला.

"सर, तुमचं पूर्ण नाव सांगाल?"

"फलाट," तो म्हणाला.

"सॉरी सर, पुन्हा एकदा?"

त्याच्या कपाळावरची शीर फुगली. त्याने ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. ती त्याचा हात धरून बसली होती आणि त्याच्याबरोबर तिचेही ओठ हलत होते.

"फलाट."

"माफ करा सर," मुलगी म्हणाली, आणि थोड्या वेळाने फोन बंद झाला.

"बरोबर केलं तिने," पाठमोरी म्हणाली. "मीही हेच केलं असतं." तिने त्याचं तोंड पुसलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि वर्गात उत्तर येत असून सांगता न येणाऱ्या मुलाचा चेहरा मला पुरता ओळखीचा आहे.

घरी येऊन मी चपला काढत होते तेव्हा मला आठवलं. वेलांटी हे नाव वरच्या वर्गांचं होतं. त्याच्या वर्गातली मुलं मला 'दुसरी' म्हणायची, कारण मी कुठल्याही शब्दापाशी तेवढंच सांगायचे. दुसरी काढ, दुसरी. ते असेल का? असेल, किंवा 'दुसरीबाई' असेल, किंवा 'दुसरि' असेल. आता ते लिहायला जागा नव्हती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगून तिला काय करता येणार आहे, ते मला समजत नाही.

ते पहिले काही महिने सरले; व्यायाम शिकवणाऱ्या बाई आता येत नाहीत. पाठमोरी तीन नंबरच्या खिडकीवरच बसते. दुपारी एक ते दोन खिडकी बंद असते, तेव्हा ती नवऱ्याला जेवू घालायला घरी जाते.